वाऱ्याचा नकाशा कसा वाचावा?

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या मेळाव्यात मुलांना उपयोगी पडेल असे काहीतरी सांगा, अशी कार्यकारिणीने मला आज्ञा केली. मी कोणी हवामानशास्त्रज्ञ नव्हे. नोकरीनिमित्त आकडेवारी हाताळणारा आपल्यासारखाच एक परदेशस्थ माणूस आहे. गेली काही वर्षे वाऱ्याची आकडेवारी संगणकावर वाचणे आणि तिचे नकाशे काढणे हा माझ्या कामाचा व पुढे छंदाचाही भाग झाला आहे. त्यातील दोन-चार गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात, असा विचार आहे. विषय रूक्ष वाटेल, परंतु त्यात माझ्या आईने माझ्या दोन चुका दाखवून दिल्याची हकिगतही आहे. तेव्हा वडीलधाऱ्यांनीही थोडा धीर धरावा, ही विनंती.

प्रथम, वाऱ्याची आकडेवारी येते कोठून ते पाहू. वारा मोजण्याची केंद्रे पृथ्वीवर सर्वत्र सारखी नाहीत. इंग्लंडसारख्या देशात ती दाट आहेत, तर अरबी समुद्रावर, सह्याद्रीच्या कड्यांवर किंवा आफ्रिकेच्या वाळवंटात विरळ आहेत. परंतु नकाशाला तर प्रत्येक ठिकाणचा आकडा हवा असतो. म्हणून शास्त्रज्ञ पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांची एक कल्पित जाळी टाकतात आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूवरील वारा गणिताने ठरवितात. केंद्रे, जहाजे, विमाने, फुगे आणि उपग्रह यांची मिळतील तेवढी निरीक्षणे घ्यायची, हवेच्या गतीचे नियम जाणणाऱ्या संगणकीय प्रतिमानात ती बसवायची, आणि दोहोंशी जास्तीत जास्त जुळेल असे चित्र तासातासाला तयार करायचे, अशी ही पद्धत आहे. जुन्या वर्षांसाठी हेच काम आजच्या प्रतिमानाने नव्याने केले जाते, तेव्हा त्याला पुनर्विश्लेषण म्हणतात.

या क्षेत्रातील एक मोठी संस्था आपल्या शेजारीच आहे. रेडिंग येथील युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्र १९७५ साली स्थापन झाले. त्याचे महासंगणक आता इटलीतील बोलोन्या शहरात आहेत, तरी मुख्यालय रेडिंगलाच आहे. या केंद्राने तयार केलेली ‘ईआरए-५’ नावाची आकडेवारी १९४० पासून आजपर्यंतची, दर तासाची आहे. ताजी आकडेवारी सुमारे ५ दिवसांच्या विलंबाने मिळते. युरोपच्या कोपर्निकस सेवेकडे नाव नोंदविले की ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. तेथे पदवी विचारीत नाहीत, शिफारसपत्र मागत नाहीत. आपल्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता तिचा आकार पाहा. जाळीतील दोन बिंदूंमधील अंतर पाव अंश आहे. विषुववृत्ताजवळ पाव अंश म्हणजे सुमारे २८ किलोमीटर. पूर्व-पश्चिम १,४४० बिंदू आणि दक्षिणोत्तर ७२१ बिंदू, म्हणजे एका वेळी एकूण १०,३८,२४० बिंदू. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वाऱ्याच्या केवळ एका घटकाचे एका वर्षाचे आकडे ९०० कोटींहून अधिक होतात. एवढे आकडे कागदावर कोण लिहिणार? येथेच संगणकाची भाषा कामास येते.

मी वापरतो ती भाषा पायथन. नेदरलँड्सच्या गीदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ती प्रथम प्रसिद्ध केली. तीही विनामूल्य आहे, आणि तिच्यासाठी इतरांनी तयार केलेल्या साधनांच्या पेट्याही विनामूल्य आहेत. जाळीवरची आकडेवारी उघडण्यासाठी एक्सअ‍ॅरे, आलेख काढण्यासाठी मॅटप्लॉटलिब, आणि त्या आलेखाखाली किनारे, सीमा व नकाशाचे प्रक्षेप आणण्यासाठी कार्टोपी. यांपैकी कार्टोपीचा आरंभ ब्रिटनच्या हवामान खात्यातच झाला.

आकडेवारी ज्या फाइलमध्ये येते तिचा एक प्रचलित प्रकार म्हणजे नेटसीडीएफ. हिचे वैशिष्ट्य असे की ती स्वतःची ओळख स्वतः सांगते. आत कोणती राशी आहे, तिचे एकक काय, अक्षांश कोणते, काळ कोणता, हे सारे त्याच फाइलमध्ये नोंदलेले असते. म्हणून माझा विद्यार्थ्यांना पहिला आग्रह असा की फाइल उघडताच नकाशा काढावयास धावू नका. आधी तिची ओळख छापून घ्या आणि सावकाश वाचा. पाच मिनिटांचे हे वाचन पाच दिवसांची चूक वाचविते.

वाचताना काय पाहावे? पहिली गोष्ट, अक्षांशांचा क्रम. ईआरए-५ मध्ये अक्षांश उत्तर ध्रुवापासून सुरू होऊन दक्षिणेकडे उतरत जातात. तुम्ही ‘८ पासून २५ अंशांपर्यंतचा भाग दे’ असे सांगितले, तर एक्सअ‍ॅरे काहीही तक्रार न करता रिकामी पेटी हाती देते, कारण तिच्या क्रमात २५ आधी आणि ८ नंतर येतात. ‘२५ पासून ८ पर्यंत’ असे सांगितले की महाराष्ट्र, गोवा आणि खालचा किनारा हजर होतो. रेखांशांचेही तसेच. काही फाइलींत ते ० पासून ३६० पर्यंत मोजलेले असतात, तर काहींत उणे १८० पासून अधिक १८० पर्यंत. भारताला याने फरक पडत नाही, पण लंडन शून्य रेखांशाच्या सीमेवरच असल्याने इंग्लंडचा नकाशा मधोमध तुटतो.

दुसरी गोष्ट, वेळ. या फाइलींतील घड्याळ ग्रिनिचचे असते. भारताचे घड्याळ साडेपाच तास पुढे. फाइलीतील ९ वाजता रत्नागिरीत दुपारचे अडीच वाजलेले असतात. घरी दूरध्वनी करताना आपण हा हिशेब बरोबर करतो, पण संगणकापुढे बसलो की विसरतो.

तिसरी गोष्ट, वारा कसा लिहिला आहे ती. फाइलीत ‘ताशी इतके किलोमीटर, नैर्ऋत्येकडून’ असे लिहिलेले नसते. दोन घटक असतात. पहिला ‘यू’ म्हणजे वाऱ्याचा पूर्वेकडे जाणारा भाग, दुसरा ‘व्ही’ म्हणजे उत्तरेकडे जाणारा भाग. एकक मीटर प्रतिसेकंद. त्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. ‘यू’ अधिक असला तर वारा पूर्वेकडे चालला आहे, उणे असला तर पश्चिमेकडे. वेग काढण्यासाठी शाळेतील पायथागोरसच पुरे. ‘यू’ ३ आणि ‘व्ही’ ४ असेल, तर वेग ५. जमिनीवरील वाऱ्यासाठी १० मीटर उंचीचे आकडे घेतात. मोसमी वाऱ्याचा मुख्य झोत पाहावयाचा असेल, तर ८५० हेक्टोपास्कल दाबाचा थर, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंची, घ्यावा लागतो.

हा झोत मोठा प्रेक्षणीय आहे. जुलै महिन्याचे त्या थरावरील सरासरी बाण काढले की हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून निघालेला वारा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लगटून विषुववृत्त ओलांडताना दिसतो. पुढे तो सोमालियावरून उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्र पार करून थेट आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. जे. फिंडलेटर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६९ साली या झोताचे सविस्तर वर्णन केले. त्याही आधी, १६८६ साली, एडमंड हॅली यांनी लंडनमध्ये व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा छापला होता. खलाशांच्या माहितीवरून तो काढलेला होता. जे चित्र जमविण्यास तेव्हा कित्येक जहाजांच्या सफरी लागल्या, ते आज तुमचा मुलगा वा मुलगी स्वयंपाकघरातील टेबलावर, पंधरा-वीस ओळींच्या आज्ञावलीने काढू शकते.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी आई सहा महिने आमच्याकडे राहावयास आली होती. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे, आणि आयुष्य शेतमजुरीत गेलेले. एके रविवारी मी मोठ्या अभिमानाने तिला जुलै महिन्याचा, जमिनीलगतच्या वाऱ्याचा नकाशा दाखविला. रंग सुरेख, किनारा रेखीव, बाण एकसारखे. मी बोट ठेवून म्हणालो, “आई, हे आपले गाव.” तिने चष्मा सावरून पाहिले आणि विचारले, “हा बाण कुठं चाललाय?” मी म्हणालो, “वारा जातो तिकडे.” ती म्हणाली, “मग वारा उफराटा काढलास की. पावसात वारा दर्यावरून येतो. दर्याकडे कसा जाईल?”

मी तिला समजावू लागलो की हे आकडे मोठ्या केंद्राचे आहेत, महासंगणकाचे आहेत. तिने शांतपणे सांगितले की पावसाळ्याआधी दरवर्षी पश्चिमेच्या भिंतीला झापांचा आडोसा बांधावा लागे. पूर्वेच्या भिंतीला कधी बांधल्याचे तिला आठवत नव्हते. मी गप्प झालो. रात्री आज्ञावली पुन्हा तपासली. आकडे बरोबर होते. चूक माझी होती.

चूक अशी. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जेथून येतो ती दिशा. पश्चिम वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. परंतु ‘यू’ आणि ‘व्ही’ हे वारा जिकडे जातो ते सांगतात. मी दोन घटकांवरून शास्त्रीय रीतीने ‘कोठून’ हा कोन काढला आणि बाण काढताना तोच कोन ‘कोठे’ म्हणून वापरला. परिणामी प्रत्येक बाण १८० अंशांनी फिरला. संगणकाने त्यावर एक अक्षरही आक्षेप घेतला नाही, कारण त्याच्या दृष्टीने आज्ञा निर्दोष होती. उपाय सोपा होता. बाणांसाठी कोन काढूच नये. ‘यू’ आणि ‘व्ही’ जसेच्या तसे बाण काढणाऱ्या आज्ञेला द्यावेत.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. नकाशा दुरुस्त केल्यावर मी आईला नोव्हेंबर महिन्याचा सरासरी वारा दाखविला. गावाजवळचा बाण इतका आखूड होता की दिसेना. आई म्हणाली, “म्हणजे तेव्हा वारा नसतो, असं म्हणतोस?” मी होय म्हणालो. त्यावर ती म्हणाली, “मग आम्ही भात कशावर उफणलं?”

भाताची झोडणी झाली की दुसऱ्यांच्या खळ्यावर सूप घेऊन भाताला वारा देण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले होते. सकाळी डोंगराकडून गार वारा येतो. मग काही वेळ पान हलत नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, आणि तेव्हा बाया उफणणीला उभ्या राहतात. कोंडा डोळ्यांत जाऊ नये म्हणून कोणत्या बाजूस तोंड करावयाचे, हे तिच्या अंगवळणी पडलेले होते. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना मतलई वारे आणि खारे वारे म्हणून पाठ केले, तेच हे वारे.

मग माझ्या नकाशात ते का नव्हते? समजा सकाळी ‘यू’ उणे ३ आहे आणि दुपारी अधिक ३. दोहोंची सरासरी शून्य. वारा दिवसभर वाहिला, पण सरासरीत तो नाहीसा झाला. मी संपूर्ण महिन्याच्या सर्व तासांची एकच सरासरी काढली होती. आता मी आकडे दिवसाच्या तासांप्रमाणे वेगळे केले. एक्सअ‍ॅरेमध्ये यास एकच ओळ लागते. चोवीस तासांची चोवीस चित्रे तयार झाली. सकाळच्या चित्रात बाण समुद्राकडे, दुपारच्या चित्रात जमिनीकडे. जे आईने तोंडी सांगितले होते, ते पडद्यावर उमटले. शिवाय हेही शिकलो की दोन घटकांची सरासरी काढून मिळालेला वेग आणि प्रत्येक तासाचा वेग काढून केलेली सरासरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सांगते की हवा एकंदरीत कोणीकडे सरकली. दुसरी सांगते की वारा किती वाहिला. पवनचक्कीला दुसरी हवी, आणि सुपालाही.

मित्रहो, असाच आणखी एक धोका आहे. उपग्रहांवरील काही उपकरणे समुद्राच्या पृष्ठभागावरील लाटांच्या बारीक खरखरीवरून वारा मोजतात. अमेरिकेचा क्विकस्कॅट १९९९ साली, भारताचा ओशनसॅट-२ हा २००९ साली आणि स्कॅटसॅट-१ हा २०१६ साली अशी उपकरणे घेऊन अवकाशात गेला. जमिनीवर मात्र ही पद्धत चालत नाही, म्हणून तेथे नोंद नसते. फाइलीत ती जागा भरण्यासाठी उणे ९,९९९ यासारखा एखादा ठरीव आकडा घालतात आणि तसे वर्णनात लिहून ठेवतात. वर्णन न वाचता सरासरी काढली, तर तो आकडाही वारा समजून बेरजेत मिसळतो. काही जण घाईने त्या जागी शून्य घालतात. ती चूक अधिक वाईट, कारण ती दिसत नाही. शून्य म्हणजे ‘मोजले आणि वारा नव्हता’. रिकामी जागा म्हणजे ‘मोजलेच नाही’. नोंद नाही म्हणजे काही घडलेच नाही, असे मानणे किती घातक असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

शेवटचा मुद्दा जाळीच्या मर्यादेचा. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, दीवच्या जवळ, धडकले. भारतीय हवामान खात्याने त्या वेळचा वारा ताशी १६० ते १७० किलोमीटर, झोत १८५ पर्यंत, असा नोंदविला. त्याच दिवशी मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-३०५ ही कामगारांच्या वस्तीची बार्ज बुडाली आणि घरापासून दूर पोटासाठी गेलेले अनेक जण प्राणास मुकले. आता कोणी त्या दिवसाची पाव अंशाच्या जाळीची फाइल उघडून वादळाच्या मध्याजवळचा आकडा पाहील, तर तो प्रत्यक्षाहून बराच कमी आढळेल. कारण वादळाच्या डोळ्याभोवतीचा सर्वांत भीषण पट्टा अरुंद असतो, आणि जाळीचा एक चौकोन एवढ्या मोठ्या क्षेत्राला एकच आकडा देतो. त्या आकड्यावरून ‘वारा एवढा काही नव्हता’ असे म्हणणे अज्ञान ठरेल, आणि नुकसानभरपाईच्या कागदावर तसे लिहिणे अन्याय ठरेल. किनाऱ्याच्या चौकोनातही असेच होते. अर्धा समुद्र, अर्धी जमीन, आणि आकडा एकच. म्हणून प्रत्येक आकड्याला विचारावे की तू किती जागेचा, किती वेळाचा आणि किती उंचीचा आहेस?

याचा अर्थ ही आकडेवारी निरुपयोगी आहे, असा कोणी करू नये. मोसमी वाऱ्याची चाल, ऋतूंचा बदल, ऐंशीहून अधिक वर्षांतील फरक, पवनऊर्जेचा ढोबळ अंदाज, या सर्वांसाठी ती अमूल्य आहे. परंतु वादळाची सूचना हवी असेल, तर अधिकृत खात्याचा इशाराच ऐकावा. जुन्या आकड्यांच्या जाळीवर जीव टांगू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुम्हांला एक गृहपाठ देतो. तुमच्या आई-वडिलांचे वा आजी-आजोबांचे गाव शोधा. त्याचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर, ७३.३ अंश पूर्व येथे आहे, तर नागपूर सुमारे २१.१ अंश उत्तर, ७९.१ अंश पूर्व. त्या ठिकाणाजवळच्या बिंदूचा एक जुलै आणि एक नोव्हेंबर उतरवून घ्या. तासांप्रमाणे वेगळे करा, घड्याळ भारताचे करा, बाण काढा. मग तो नकाशा छापून घरातील सर्वांत वृद्ध माणसापुढे ठेवा. ते येथे नसतील, तर दूरध्वनीवरून विचारा की पाऊस कोणत्या भिंतीवर मारायचा, उफणणी कोणत्या वेळी व्हायची, उन्हाळ्यात अंगणात खाट कोणीकडे ओढायचे. त्यांचे उत्तर आणि तुमचा बाण जुळतात का पाहा. जुळले, तर नकाशावर विश्वास ठेवण्यास एक आधार मिळाला. जुळले नाहीत, तर आधी आपली आज्ञावली तपासा, मग जाळीची मर्यादा तपासा, आणि सर्वांत शेवटी म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीवर शंका घ्या. मी हा क्रम उलटा केला होता, म्हणून मला आईपुढे गप्प बसावे लागले.

आणि पालकांना एक नम्र विनंती. मुले संगणकापुढे बसली की ‘ते आम्हांला कळत नाही’ असे म्हणून आपण खोलीबाहेर निघून जातो. असे करू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा. पडद्यावरील आज्ञा तुम्हांला कळणार नाही कदाचित, परंतु नकाशातील वाऱ्यात तुम्ही उभे राहिलेले आहात, तुमची मुले राहिलेली नाहीत. माझी आई गावी परत गेली, तेव्हा तो दुरुस्त केलेला नकाशा मी तिच्या पिशवीत ठेवला. पुढच्या वेळी गेलो, तेव्हा तो ओटीवरच्या भिंतीला लावलेला होता. बाण घराकडे येत होते. तिने मुद्दाम पश्चिमेचीच भिंत निवडली होती.